आबांनी भात सोडला

तिकोणा पेठ
शनिवार, १२ जुलै २०२५

चि. सारिका, या म्हाताऱ्याचे तुला पोटभर आशीर्वाद.

पत्र बघून मैत्रिणींसमोर लाजू नकोस. तुमच्या वसतिगृहात आठवड्यातून एकदा दहा मिनिटं फोन हातात देतात. त्यातली पाच तुझा बाप खातो आणि पाच तुझी आई. माझ्या वाट्याला "आबा, बरे आहात ना?" एवढंच येतं, आणि त्याचं उत्तर द्यायच्या आत फोन बंद. म्हणून कागद घेतला. सातवीपर्यंतच शिकलो, पण माझं अक्षर तुझ्या बापापेक्षा सरळ आहे हे तू कबूल करशीलच.

व्यवस्था अशी लावलीय. आपला सोपान दुधाचा टेम्पो घेऊन लोणावळ्याच्या हॉटेलांना जातो. दर रविवारी सकाळी नऊला तो तुमच्या फाटकावर डबा देईल आणि दुपारी चारला परतताना तो घेऊन येईल. डबा रिकामा हवा आणि त्यात तुझी चिठ्ठी हवी. डबा रिकामा आला की मी समजेन, पोरगी जेवली.

उद्याच्या डब्यात आपल्या शेतातल्या इंद्रायणीचा भात आहे आणि बांधावरच्या कुर्डूची भाजी. लावणी आटोपली. तीन दिवस चिखलात वाकून कंबर बोलायला लागलीय, पण खाचरं अशी हिरवी दिसतात की बघत बसावं.

तुझ्या क्लासच्या पालकसभेला मी आलो होतो ते लक्षात असेल. तुमचे सर म्हणाले, "त्याग एकट्या मुलांनी करायचा नसतो, घरच्यांनीही काहीतरी सोडलं पाहिजे." माणूस पटला मला.

आम्ही सगळे मजेत. मी हल्ली नाचणीची भाकरी खातो. वयाला हलकी पडते. भात तुझ्या वाट्याला.

गावातल्या होणाऱ्या पहिल्या डॉक्टरीणबाईंचा,
आबा


लोणावळा
रविवार, १३ जुलै

आबा, साष्टांग नमस्कार. खोलीत तीन खाटा आहेत आणि आडवं पडायला जागा नाही, तेव्हा मनातल्या मनात.

डबा रिकामा पाठवतेय, बघा. माझ्या खोलीतली चैताली घोरावाडीची, तिचे बाबा रेल्वेत आहेत. ती म्हणते असा भात तिने जन्मात खाल्ला नाही. झाकण उघडलं आणि तिला वासानेच अर्धं जेवण झाल्यासारखं वाटलं. कुर्डू तर तिने पहिल्यांदाच पाहिला. बोटं चाटत म्हणाली, "तुझ्या आजीला माझा नमस्कार कळव." समोरच्या खोलीतल्या दोघी वास काढत आल्या. त्यांनाही आवडला.

इथे सगळं छान आहे. मेसमध्ये बुधवारी नूडल्स असतात, त्या सगळ्या एकमेकींत इतक्या अडकलेल्या असतात की एक ओढली तर ताटच हलतं. दर सोमवारी क्लासच्या भिंतीवर नंबरांची यादी लागते. मी एकशेबारावी आहे. अजून वर येईन.

आजीला सांगा, पुढच्या डब्याबरोबर चार सेफ्टी पिना पाठव. सलवारी धुऊन धुऊन सैल झाल्यात.

तुमची,
सारिका


तिकोणा पेठ
शनिवार, २६ जुलै

चि. सारिका,

पिना पाठवल्यात, चार नाही, डझनभर. पण तुझी आजी विचारतेय की धुतल्यावर कापड आटतं, सैल कसं होतं? मी म्हटलं, लोणावळ्याचं पाणी वेगळं असेल. तिला काही ते पटलं नाही.

दोन्ही डबे लख्ख रिकामे आले, जीव सुखावला. म्हणून उद्यापासून तीन पुडांऐवजी पाच पुडांचा डबा. कर्टुल्याची भाजी आहे, डाळ आहे, आणि भात दाबून भरलाय.

एक विचारू? चैतालीला काय आवडलं, समोरच्या खोलीला काय आवडलं, ते सगळं कळलं. तुला काय आवडलं ते कुठंच लिहिलं नाहीस.

यादीत एकशेबारावी म्हणजे तुझ्यामागे किती आहेत ते कळव. मी नेहमी मागचे मोजतो, बरं वाटतं.

आबा


लोणावळा
रविवार, २७ जुलै

आबा,

डबा मिळाला. सगळंच आवडलं. उद्या टेस्ट आहे, म्हणून थोडक्यात. माझ्यामागे सत्तर होते, आता चाळीस आहेत.

सारिका


तिकोणा पेठ
शनिवार, २३ ऑगस्ट

सारिका, मी सविताआत्या. गणपतीसाठी परंदवडीहून माहेरी आलेय. तुझ्या दोन-तीन चिठ्ठ्यांत नुसतं "डबा मिळाला" एवढंच होतं, म्हणून आई चुलीपुढे बसून तुला पत्र सांगतेय आणि मी तिच्याच शब्दांत लिहितेय. मध्ये तोंड घातलं तर उलथनं दाखवते.

"सारे, बाय माजी, नीट आईक. तुजा आबा भात खाईना. आज न्हाई, काल न्हाई, जूनमधल्या त्या तुमच्या पालकसभेपास्नं. तुजं सर म्हनलं, काय तरी सोडा. बाकीच्यांनी टीव्ही सोडला, मोबाईल सोडला. सरांच्या मनात बी तेच हुतं. पर ह्येच्याकडं सोडाया हाय काय? तंबाकू तीस वरसांमागंच सोडली. मंग घरी येताना भैरवनाथाम्होरं उभा ऱ्हायला आन् बोलून बसला, 'नात डाक्टर व्हईस्तवर भाताचं शीत तोंडात घालनार न्हाई.' जलमभर भात पिकवला त्या मानसानं! मला म्हनला, पोरीला सांगशील तर बग. म्या म्हनलं, न्हाई सांगत. तवा म्या काय सांगत न्हाई, ही सविता लिवतीया.

"आता त्यो एकटाच ओटीवर भाकरी घिऊन बसतो, आमच्या ताटातला भात दिसाय नगं म्हनून. वाफ सुटली का त्वांड फिरवतो. आता गनपतीत तांदळाचं मोदक हुतील, तवा काय करंल द्येव जानं. लय हट्टी. तुजंच ऐकतो, तूच समजाव.

"आन् आनि एक. सोपान म्हनला, पोरगी वाळलीया. म्या म्हनलं, डबा तर रिकामा येतुया, मंग वाळंल कशी? मला खरं काय ते सांग. आजीला फशिवनं बरं न्हवं."

आईने सांगितलेलं इथे संपलं. माझ्याकडून एवढंच, आम्ही कुणी तुझ्यावर रागावणार नाही.

आत्या


लोणावळा
रविवार, २४ ऑगस्ट

आबा,

आजीवर रागावू नका. तिने काही सांगितलं नाही, आत्याने लिहिलं.

आता माझी पाळी. जुलैपासून तुमच्या कुठल्याही डब्यातले चार-पाच घासांच्या वर मी खाल्लेले नाहीत. बाकीचं चैतालीने आणि समोरच्या खोलीने खाल्लं. डबा रिकामा यायचा, पण तो मी रिकामा केलेला नसायचा. फक्त डबाच नाही, मेसमध्येही तेच. सोमवारी यादी लागणार म्हटलं की रविवारी दुपारपासूनच घशात काहीतरी अडकतं. घास खाली उतरत नाही. मग वाटायचं, चला, जेवणाचा वेळ वाचला, एक धडा जास्त होईल. मी वाळले म्हणून सलवारी सैल झाल्या, पिना त्यासाठी होत्या.

पंधरा दिवसांमागे एका शुक्रवारी टेस्टमध्ये हात इतके थरथरले की उत्तराचे गोल भरताच येईनात. छाती धडधडायला लागली, वाटलं आपण आता मरतो. चैतालीने पेपर अर्धा सोडला आणि मला हाताला धरून आमच्या कॉलेजातल्या समुपदेशक रतन मॅडमकडे नेलं. मी तासभर रडले. मॅडमनी उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "शेवटचं पोटभर कधी जेवलीस?" मला आठवेना.

त्या म्हणाल्या, हा तुझा नाकर्तेपणा नाही, काळजीचं दुखणं आहे, आणि इतर दुखण्यांसारखंच ते बरं होतं. आता मी आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जाते. डॉक्टरांनाही दाखवलं. रक्त कमी आहे, गोळ्या सुरू आहेत.

हे सगळं मी तुम्हाला हळूहळू सांगणार होते. आणि आज सकाळी आजीचं पत्र वाचलं.

आबा, मला डॉक्टर व्हायचं नाही. सहावीत असताना पाहुण्यांनी विचारलं, मोठी होऊन कोण होणार? मी म्हटलं, डॉक्टर. तुम्ही त्याच संध्याकाळी गावात पेढे वाटलेत. त्यानंतर मला मागे फिरताच आलं नाही. मला गणित आवडतं. बारावीला मी ते सोडलेलं नाही, जादा विषय म्हणून ठेवलंय, आणि घरात कुणाला माहीतसुद्धा नाही.

पण आता मी काय करू? मी डॉक्टर झाले नाही तर तुम्ही उरलेल्या जन्मात भात खाणार नाही. आज दिवसभर मी पुस्तक उघडतेय आणि मला प्रत्येक पानावर तुमचं ताट दिसतंय. तुम्ही हे काय करून बसलात, आबा? माझा खूप जीव आहे तुमच्यावर, म्हणून खूप राग आलाय.

सारिका


लोणावळा
रविवार, ७ सप्टेंबर

आबा,

मागच्या रविवारी डबा आला, चिठ्ठी नाही. आजही डबाच आला. रागावलात का? रागावला असलात तरी लिहा. तुमचा राग वाचायला चालेल, कोरा डबा नको.

रतन मॅडमनी आई-बाबांना बोलावलंय. मला विचारूनच बोलावलंय, आणि मी हो म्हटलंय. भीती वाटतेय, पण म्हटलंय.

एक गंमत सांगते. मॅडमनी सांगितलं, एकटी खाटेवर बसून पुस्तकात बघत जेवायचं नाही. तेव्हा आम्ही सहा जणी खाली गोल करून बसतो. नियम एकच, जेवताना गुणांचं नाव काढायचं नाही. ज्या मुलीने काढलं तिने सगळ्यांची ताटं घासायची. पहिल्या दिवशी चैतालीने सहाही ताटं घासली. काल मी आख्खी भाकरी खाल्ली. आख्खी, आबा.

सारिका


तिकोणा पेठ
शनिवार, २० सप्टेंबर

चि. सारिका,

रागावलो नव्हतो. लाजलो होतो. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला लाजायची सवय नसते, म्हणून लिहायला वेळ लागला.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मग शाळेतल्या बाजीराव गुरुजींकडे गेलो आणि विचारलं, डॉक्टर व्हायला किती वर्षं लागतात? त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. बारावी, मग ती मोठी परीक्षा, मग साडेपाच वर्षं, पुढचं शिकली तर आणखी तीन. म्हटलं, थांबा गुरुजी, म्हणजे मी ऐंशीचा होतो! मला बापड्याला वाटलं होतं, ती परीक्षा पास झाली की झाली पोरगी डॉक्टर. उन्हाळ्यापर्यंतचा प्रश्न आहे, काढू कसेबसे. घरी येऊन हे सांगितलं तर तुझी आजी हसून हसून जमिनीवर बसली. म्हणाली, "धा वरसं भाताबिगर? तू काय जगतोस!" तीन दिवस ती तेच आठवून हसत होती.

पण हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती हे मला कळतं. देवाला शब्द दिला होता. म्हणून मागच्या रविवारी भिकाजी गुरवाला म्हटलं, कौल लाव. त्याने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर मी मोकळा, डावं पडलं तर शब्द कायम. सकाळी नऊला बसलो. दहा वाजले, अकरा वाजले, दोन्ही फुलं ढिम्म. भिकाजीने दोनदा चहा घेतला. बाराच्या सुमाराला तुझी आजी उठली आणि हात जोडून म्हणाली, "द्येवा, ह्यो तर हट्टी हायच. निदान तू तरी शाना हो." आणि पोरी, उजवं फूल टपकन खाली. मी ओरडलो की आजी ओरडली, आता आठवत नाही.

भिकाजी म्हणाला, "अंबाजी, सुटलास. पन जिच्या नावानं भात सोडलास, तिच्या हातचा खाऊनच तो धर." तेव्हा दिवाळीला घरी ये आणि तुझ्या हाताने भात शिजव. तोवर मी भाकरीवर खूश आहे. तीन महिन्यांत मला ती आवडायलाच लागलीय, हे आजीला सांगू नकोस.

तुझे आई-बाप मॅडमना भेटून आले. तुझा बाप येऊन माझ्याजवळ ओटीवर बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. क्लास बंद, कॉलेज चालू, आणि गणित चालू, असं त्यानेच ठरवलं. मॅडमनी त्याला विचारलं होतं, घरी सगळे एकत्र जेवता का? त्याला खोटं बोलता येईना. तो कामावरून येऊन मोबाईलमध्ये बघत जेवायचा, तुझी आई सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्याने, आणि मी बाहेर एकटा. आता आम्हीही गोल करून बसतो. एकाच पंगतीत भात, भाकरी, पालेभाजी, ज्याला जे हवं ते. तुझा तो ताटं घासायचा नियम मी इथे मोबाईलसाठी लावलाय. तुझ्या बापाने आत्तापर्यंत चारदा घासलीत.

मला वाटत होतं, मी तुझं निम्मं ओझं उचलतोय. खरं म्हणजे तुझ्या डोक्यावरच्या पोत्यावर मीच चढून बसलो होतो. चुकलो, पोरी. तू काय होशील ते सावकाश ठरव, नाही ठरलं तरी तू माझी नात आहेस. पेढे पुन्हा वाटू, गणिताचे. गावाला पेढ्याशी मतलब.

फक्त एक मागतो. रिकामा डबा मला नको. खरा डबा पाठव. जेवढं गेलं तेवढं गेलं, बाकीचं तसंच येऊ दे.

आबा

ता. क. खाली "डॉक्टरीणबाईंचा" लिहायचं आता सोडलंय. नुसता तुझा.


लोणावळा
रविवार, ५ ऑक्टोबर

आबा,

तुमचं पत्र मी गोलात बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. त्या फुलाच्या जागी आल्यावर चैताली टाळ्या पिटायला लागली. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि हे दोन्ही एकदम झाल्यामुळे उचकी लागली.

सगळं एकदम बरं झालंय असं नाही. परवा वर्गात पुन्हा छाती धडधडली. पण आता मला कळतं की ती थांबते. मी पाय जमिनीला टेकवते, श्वास मोजते, मोजण्यात मी हुशार आहेच, आणि ती थांबते. मंगळवारी तर कमाल झाली. दुपारी गणित सोडवत होते आणि पोटात कसंतरी व्हायला लागलं. घाबरले. मग लक्षात आलं, ही भूक आहे! इतक्या दिवसांनी आली की ओळखूच आली नाही.

मला भात करता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना? चैताली म्हणते बोटाच्या पेराने पाणी मोजायचं, समोरची म्हणते दुप्पट घालायचं. दिवाळीला तुम्हाला कच्चा खावा लागेल. आजीला सांगा, शेजारी उभी राहा, पण हात लावू नको.

आजच्या डब्यातलं हुलग्याचं पिठलं आणि भात मी खाल्ला. मी. चैतालीच्या आईने, चंपामावशीने, तिच्यासाठी वेगळा डबा पाठवला होता, त्यामुळे तिने याला बोटही लावलेलं नाही, साक्षीदार म्हणून ती खाली सही करणार आहे. तुम्ही विचारलं होतंत, मला काय आवडलं. पातेल्याच्या तळाचा थोडा खरपूस लागलेला भात असतो ना, तो. आजीने तो नेमका वर घातला होता.

खरा डबा हवा होता ना? हा घ्या. तळाच्या पुडात दोन घास उरलेत. नको झाले म्हणून नाही, आबा. पोट भरलं म्हणून उरलेत.

तुमची,
सारिका

साक्षीदार: चैताली


तिकोणा पेठ
रविवार, ५ ऑक्टोबर, संध्याकाळ

चि. सारिका,

सोपान आत्ताच डबा देऊन गेला. चिठ्ठी आधी वाचली, मग झाकण काढलं. तळाच्या पुडात दोन घास भात. सगळे भोवती जमले, जणू काही तू स्वतःच त्यातून बाहेर येणार होतीस.

मी डबा हातात धरून बसलो. तुझा बाप म्हणाला, "आबा, दिवाळी अजून पंधरा दिवसांवर हाय." मी म्हटलं, भिकाजीला फोन लाव. फोनवर ओरडून विचारलं, "पोरीनं जेवून उरवलेला भात चालतो काय रे?" तिकडून तो माझ्याहून मोठ्यानं ओरडला, "तिच्या हातचं उष्टं? आरं, त्याहून मोटा परसाद कुटला? खा आन् मला जेवू दे!"

खाल्ला. थंड झाला होता, जरा वाळलाही होता. पहिल्या घासाला माझे डोळे भरून आले. तुझी आजी म्हणाली, "ठसका लागला का?" मी व्हय म्हटलं. तिला खरं कळलं होतं, कारण तिने पाणी दिलं नाही, पदर डोळ्याला लावला. दुसरा घास हळूहळू खाल्ला, शीत न् शीत. मग आजीने भाताचं पातेलंच माझ्यापुढे ओढलं आणि पुढचं मी लिहीत नाही, तुझा बाप मोजत होता, त्याला विचार. भाकरीही खाल्ली. तीही आता आपलीच झालीय.

दिवाळीला तुझ्या हातचा कच्चा भात खायचा आहेच, ते काही टळत नाही. डबा मी स्वतः घासून पालथा घातलाय. रविवारी पुन्हा भरून येईल. जेवढं जाईल तेवढं जेव, मोजू नकोस, आमच्यासाठी संपवू नकोस.

उरलेलं माझं.

आबा